राजा दीनदयाळ यांची मुंबई

रेखांकन करणाऱ्या सरकारी नोकराने हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला आणि एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानचा चेहरा काचेवर उमटवला. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे जैन सराफ घराण्यात झाला. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात रुजू झाले. तुकोजीराव होळकरांचा आश्रय लाभल्यावर छंदाचा व्यवसाय झाला.

१८८२ मध्ये सर लेपल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी मध्य हिंदुस्थानातील किल्ले, मंदिरे पालथी घातली. तो प्रवास आजच्यासारखा नव्हता. ओल्या रसायनाची काच छायाचित्र घेण्यापूर्वी काही मिनिटे तयार करायची आणि ती सुकण्याआधीच अंधाऱ्या तंबूत धुवायची, अशी त्या काळची रीत. पुढे कोरड्या पट्ट्या आल्या आणि हे ओझे हलके झाले. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमून 'राजा' हा किताब दिला. वेरूळ, दौलताबाद ही आज महाराष्ट्रात असलेली स्थळे त्यांनी निजामाच्या मुलखातील म्हणून टिपली.

सिकंदराबादेतील स्टुडिओ भरभराटीला आल्यावर १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत शाखा काढली. निवड चोख होती. आज न्हावा-शेव्याकडे सरकलेली बंदराची वर्दळ त्या वेळी प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदीत एकवटलेली होती. साहेब, संस्थानिक, व्यापारी, प्रवासी सारे येथूनच ये-जा करीत. दरबारी मानकऱ्यांऐवजी पैसे मोजणारे गिऱ्हाईक येथे दारात उभे राहणार होते.

मुहूर्त मात्र वाईट ठरला. त्याच वर्षी सप्टेंबरात गोदीलगतच्या मांडवी भागात प्लेग आढळला. हिवाळ्यात लाखो माणसे शहर सोडून गेली. ज्यांच्या जीवावर दुकान थाटले, ते पैसेवाले तर सर्वांत आधी निघाले असणार. तरीही दीनदयाळ यांचा लौकिक ओसरला नाही. व्हिक्टोरिया राणीच्या छायाचित्रकाराचा मान त्यांना मिळाला होता.

१९०५ मध्ये ते निवर्तले आणि पुढे पेढीचा पसारा आटत गेला. काचा कुटुंबाकडे राहिल्या. अखेर १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या ताब्यात घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.