शब्दांच्या कुळांचा शोधक : सर जेम्स मरे

इंग्रजी शब्द लिहावा एक आणि उच्चारावा दुसराच, अशी तक्रार आमच्या वर्गांतून दरसाल ऐकूं येते, व ती अगदींच खोटी नाहीं. याचें एक कारण असें कीं, ही भाषा उसनवारीवर वाढली आहे. लॅटिन, फ्रेंच, अरबी, डच, इतकेंच नव्हे तर आपल्या देशांतील भाषांपासूनहि तिनें शब्द उचलले, आणि कोणता शब्द कोणाचा हें बोलणारे पुढें विसरून गेले. ह्या विसरलेल्या ऋणांचा हिशेब मांडण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या सर जेम्स मरे यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

मरे यांचा जन्म १८३७ सालीं स्कॉटलंडच्या दक्षिण भागांतील डेनहोम या खेड्यांत झाला. वडील शिंपी होते. फी देण्याची ऐपत नसल्यामुळें चौदाव्या वर्षीं शाळा सुटली. शिकणें मात्र सुटलें नाहीं. थोड्याच वर्षांत ते हॉइक गांवीं शिक्षक झाले, आणि विसाव्या वर्षीं मुख्याध्यापक. पुढें पत्नीच्या आजारामुळें गांव सोडून त्यांस लंडनला यावें लागलें व एका बँकेंत कारकुनी पत्करावी लागली. पत्नी तर लवकरच निवर्तली. त्या बँकेचा व्यवहार हिंदुस्थानाशींहि चाले, आणि रोजच्या जाण्यायेण्याच्या वेळांत हा कारकून हिंदुस्थानी भाषेचा अभ्यास करी! १८६६ सालीं त्यांनीं ब्रिटिश म्यूझियममध्यें नोकरीसाठीं अर्ज केला. आपणांस अवगत असलेल्या भाषांची त्यांत दिलेली यादी वाचून आजहि मन थक्क होतें. जागा मात्र मिळाली नाहीं. १८७० पासून ते पुन्हां शिक्षक झाले, या वेळीं लंडनच्या उत्तरेस मिल हिल येथील शाळेंत.

१८७९ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यानें त्यांच्याशीं करार केला. इंग्रजींतील प्रत्येक शब्द केव्हां, कोठून व कोणत्या अर्थानें आला, हें सप्रमाण दाखविणारा कोश दहा वर्षांत चार भागांत पुरा व्हावयाचा होता. शाळेच्या आवारांत मरे यांनीं पत्र्याची एक खोली उभारली व भिंतींशीं एक हजाराहून अधिक खण बसविले. देशोदेशींचे वाचक जुनीं पुस्तकें वाचून कागदाच्या चिठ्ठीवर शब्द, वाक्य, ग्रंथ व साल लिहून पाठवीत. त्या चिठ्ठ्या या खणांत लागत. चिठ्ठ्या लावण्याचें काम मरे यांचीं मुलेंहि करीत व त्याबद्दल कांहीं पेनी मिळवीत. त्यांस अकरा मुलें होतीं, तेव्हां मनुष्यबळाची वाण नव्हती. हिंवाळ्यांत ती खोली इतकी गार पडे कीं, मरे जाड कोट घालून व पाय पेटींत ठेवून लिहीत बसत. पांच वर्षें अशीं गेल्यावर १८८४ सालीं पहिला खंड निघाला. ३५२ पृष्ठांत कोश 'अँट' म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत पोहोंचला होता!

विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. कानाला सारखे लागणारे दोन शब्द दिसले कीं त्यांचें नातें जुळविण्याची आपणांस फार हौस असते. 'मदर' व 'मातृ' यांचें नातें खरेंच आहे. परंतु इंग्रजी 'बॅड' व बदनाम या शब्दांतील फारसी 'बद' यांचा ध्वनि एक, अर्थहि एक, आणि नातें मात्र कांहींच नाहीं. उलट 'ऑरेंज' हा शब्द आपल्या ओळखीचा वाटत नाहीं. परंतु तो संस्कृत 'नारंग' होय. फारसी व अरबी मुखांतून युरोपांत गेल्यावर त्याचा आरंभींचा 'न' गळाला. 'ॲडर' म्हणजे विषारी साप, याचाहि 'न' असाच हरवला. तो मागील 'अ' या उपपदाला चिकटून त्याचें 'अ‍ॅन' झालें. 'जंगल' शब्दाची कथा आणखी मौजेची आहे. संस्कृतांत जांगल म्हणजे पाणी थोडें असलेला कोरडा प्रदेश. इंग्रजींत जाऊन तोच शब्द दाट, ओलसर अरण्याचा वाचक झाला. जेथें पुरावा मिळेना तेथें मरे तर्काचे घोडे दौडवीत नसत. मूळ अज्ञात आहे, असें सरळ लिहून मोकळे होत. शिक्षकाला असें लिहिणें किती जड जातें हें आम्हांस ठाऊक आहे.

१८८५ सालीं शिक्षकाचें काम सोडून ते ऑक्सफर्डला गेले. तेथेंहि बागेंत पत्र्याची खोली आलीच. पत्रांचा ओघ एवढा कीं, टपालखात्यानें त्यांच्या दाराशीं स्वतंत्र पेटी बसविली. मरे मोठे भाविक ख्रिस्ती होते. दारू व तंबाखू यांस त्यांनीं कधीं स्पर्श केला नाहीं. अशा मनुष्याच्या हातून 'बाँडमेड' म्हणजे दासी हा पवित्र शास्त्रांतला शब्दच निसटावा, याचें नवल वाटतें. त्याच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या होत्या, व तो भाग छापून गेल्यावर चूक उघडकीस आली. मरे यांस ती फार लागली. तो शब्द १९३३ च्या पुरवणींत आला, तेव्हां ते हयात नव्हते.

१९०८ सालीं त्यांस 'सर' ही पदवी मिळाली. ऐंशीव्या वर्षापर्यंत कोश पुरा करावा अशी त्यांची उमेद होती. परंतु 'टी' या अक्षराचें काम चालू असतांनाच २६ जुलै १९१५ रोजीं ते वारले. दहा वर्षांचा म्हणून हातीं घेतलेला कोश सहकाऱ्यांनीं १९२८ सालीं पुरा केला. त्यांत चार लाखांहून अधिक शब्द आहेत. त्याच 'टी' अक्षरांत 'टँक' हा शब्द येतो. त्याचा संबंध गुजराती व मराठी 'टांकें' या शब्दाशीं जोडतात, मात्र पोर्तुगीज भाषेंतहि तसाच एक शब्द असल्यानें गुंता आहे. मरे यांच्या हयातींत टँक म्हणजे पाण्याचें टांकें किंवा तळें एवढेंच होतें. त्यांच्या मृत्यूनंतर चौदा महिन्यांनीं, सप्टेंबर १९१६ मध्यें, फ्रान्सच्या रणभूमीवर इंग्रजांचे पोलादी रणगाडे पहिल्यानेंच धांवले, आणि त्या जुन्या शब्दाच्या चिठ्ठ्या पुन्हां गोळा कराव्या लागल्या.