मेहेरबाईंचा हिरा

मैत्रिणींनो, केमोथेरपीने केस गेले की बाई आरशात बघणंच सोडते. आजारपणात कसलं नटणं, असं घरचेही म्हणतात. अशा मैत्रिणीला स्कार्फ बांधून देताना मी मेहेरबाई टाटांची गोष्ट सांगते.

आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल काढणाऱ्या जमशेटजींच्या या थोरल्या सूनबाई. टेनिससुद्धा साडी नेसूनच खेळायच्या. खास समारंभाला २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा घालायच्या. १९३१ मध्ये, ५१व्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी पती दोराबजीही गेले. मग हिरा विकला, पैसा दोराबजींच्या ट्रस्टला मिळाला. त्याच ट्रस्टने १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभारलं.

एका बाईचा दागिना कॅन्सरच्या कितीतरी रुग्णांच्या कामी आला. मग तू साधी टिकली लावायला का लाजतेस, असं विचारलं की ती हळूच आरसा मागते.