नावातला ‘कर’

महूच्या स्टेशनला आता डॉ. आंबेडकर नगर म्हणतात. गावाचं नावही २००३ मध्ये बदललं, पण गाडीतून उतरल्यावर आम्ही अजून महूलाच आलेलो असतो. इथं हिंदीत ‘अंबेडकर’ही लिहितात. आमच्या घरी मात्र ‘आ’च. लिहिताना पाच अक्षरं, म्हणताना तीन तुकडे: आं-बेड-कर. शेवटचा तुकडा म्हणजे प्रत्यय. बाबासाहेबांची गोष्ट मला तिथूनच सांगावीशी वाटते.

१४ एप्रिल १८९१ ला ते इथं जन्मले. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ लष्कराच्या शाळेत शिकवत; हे त्यांचं आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य. पेन्शनीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला गेलं. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. गावाला ‘कर’ लावला की आडनाव तयार, ही आपली जुनी रीत. (इटालियनमध्येही रोमाचा तो रोमानो, आणि तेही आडनाव आहेच.) तर सकपाळांचे झाले आंबडवेकर. चरित्रकार सांगतात, की साताऱ्यातल्या आंबेडकर नावाच्या एका ब्राह्मण गुरुजींनी या लाडक्या विद्यार्थ्याला आपलंच आडनाव दिलं. आं-बड-वे-कर, या चार तुकड्यांचे तीन झाले. ७ नोव्हेंबर १९०० ला हायस्कुलात नाव घातलं, ते भिवा रामजी आंबेडकर असं.

‘कर’ गाव सांगतो, जात सांगत नाही. वर्गाला मात्र ती पक्की ठाऊक होती. बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही कोपऱ्यात. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसला तर तसंच राहायचं. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. म्हणजे संधी, समास, प्रत्यय यांनासुद्धा विटाळ होतो की काय! संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या कष्टानं मिळवलंच.

कोलंबिया, लंडन, मूकनायक, महाड, राज्यघटना हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, म्हणून मी भरभर पुढे जाते. मी थांबते ती त्यांच्या पाली कोशापाशी. एवढ्या धबडग्यात हा माणूस पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजरातीत लिहीत बसत होता, पालीचं व्याकरणही मांडत होता. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. हे काम छापून आलं १९९८ मध्ये, महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात.