कानांनी जग पाहणारा प्रवासी

आपल्याकडे एखाद्या मुलाची दृष्टी गेली, की पुष्कळदा त्याला गाण्याला बसवितात. माझ्याकडेही असे विद्यार्थी आले आहेत. त्यामागची माया मला कळते. पण या मुलाने आता जन्मभर एका जागी बसावयाचे, हेही त्यात धरून चाललेले असते. जेम्स होलमन या इंग्रज प्रवाशाने ते मानले नाही, म्हणून त्याचे चरित्र सांगावेसे वाटते.

होलमनचा जन्म १७८६ साली एक्झेटर येथे एका औषधविक्रेत्याच्या घरी झाला. बाराव्या वर्षी तो आरमारात शिरला व १८०७ मध्ये लेफ्टनंट झाला. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर थंडीवाऱ्यात नोकरी करताना सांधेदुखीने त्याला गाठले. पाठोपाठ डोळे गेले आणि पंचविशीत तो पूर्ण अंध झाला. १८१२ साली विंडसर येथे आरमारातील अपंग अधिकाऱ्यांसाठी राखलेली एक जागा त्याला मिळाली. राहावयास घर, थोडे वेतन आणि मोबदल्यात रोज देवळातील प्रार्थनेला हजेरी. अशा नेमणुकीवर कितीतरी माणसांनी सुखाने आयुष्य काढले असते. होलमनची प्रकृती मात्र त्या बैठ्या जीवनात ढासळू लागली. तेव्हा रजा घेऊन तो बाहेर पडला.

१८१९ मध्ये तो एकटाच फ्रान्सला निघाला. तेथील भाषाही त्याला धड येत नव्हती. घोडागाडीला दोरी बांधून तिचे टोक हाती धरावे आणि गाडीबरोबर पायी चालत जावे, हा त्याचा व्यायाम. अशा चालण्याने त्याला हुशारी वाटे. १८२१ मध्ये तर तो व्हेसुव्हियसच्या तापलेल्या ज्वालामुखीवर चढला. काही प्रवास त्याने एका बहिऱ्या मित्राबरोबर केला. दोघांनी मिळून एकमेकांची उणीव भरून काढली. १८२२ मध्ये तो रशियास गेला व सायबेरिया ओलांडून इर्कुत्स्कपर्यंत पोहोचला. तेथून पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा त्याचा बेत होता. पण झारला त्याचा संशय आला आणि पहाऱ्यात त्याला सरहद्दीबाहेर घालविण्यात आले. अर्धी राहिलेली ती प्रदक्षिणा त्याने १८२७ ते १८३२ या काळात आफ्रिका, ब्राझील, सिंहलद्वीप, हिंदुस्थान, चीन, ऑस्ट्रेलिया अशी पुरी केली.

हे साधले कसे? त्याच्या हाती धातूच्या टोकाची काठी असे. ती जमिनीवर आपटली की परत येणाऱ्या नादावरून समोर भिंत आहे की मोकळी जागा, हे तो ओळखी. माझ्या वडिलांना दरबारी बैठकीपूर्वी दालनात टाळी वाजवून पाहण्याची सवय होती. आवाज कसा फिरतो, कोठे विरतो, हे त्यांना तेवढ्यावरून कळे. त्यामुळे होलमनच्या काठीचे मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते त्या कानावर भिस्त ठेवून अनोळखी मुलखात पाऊल टाकण्याच्या धैर्याचे.

लिहिण्यासाठी तो तारा ताणलेली एक चौकट वापरी. तारांच्या आधाराने ओळी सरळ येत. जे दिसत नाही त्याचे वर्णन हा काय करणार, असे म्हणणारे टीकाकार त्याला भेटलेच. परंतु डोळस माणूस एका नजरेत पाहून पुढे जाई, तेथे होलमन थांबून चार जणांना विचारी, वस्तू हाताळून पाही. १८२६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले, आणि पुढे डार्विननेही आपल्या प्रवासवृत्तात त्याचा आधार घेतला.

१८५७ मध्ये लंडनला त्याचा अंत झाला. अखेरीस लिहिलेले आत्मवृत्त मात्र छापले गेले नाही व त्याचे हस्तलिखितही हरवले.

अंध मुलाला गाणे अवश्य शिकवावे. पण त्याच्या पालकांना माझे सांगणे आहे, की त्याच्या हाती काठी देऊन त्याला गावाबाहेरच्या टेकडीवरही जाऊ द्यावे. ज्या कानाला सूर कळतो, त्याला वाटही कळते.