सेरामपूरचे चौथे नाव



दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या दिवसांत आपण ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करतो. त्या निमित्ताने या वेळी आपल्या पानावर एका अशा स्त्रीची ओळख करून घेऊ या, जी कॅथलिक नव्हती. ती बाप्टिस्ट पंथाची होती. तिच्या काळात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांकडे संशयाने पाहत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) आपल्याला दुसऱ्याच्या अंगणातले चांगले ओळखायला आणि त्याबद्दल देवाचे आभार मानायला शिकवले. म्हणून ही ओळख.

श्रीरामपूर म्हटले की आपल्याला अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले गाव आठवते. आपल्यापैकी कित्येकांचे सोयरे तिकडचे. पण याच नावाचे दुसरे गाव बंगालमध्ये आहे, कोलकात्याच्या उत्तरेला हुगळी नदीच्या काठी. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे सेरामपूर झाले. तिथे नदीकडे तोंड करून उंच खांबांची एक भव्य इमारत उभी आहे. ते सेरामपूर कॉलेज. १८१८ मध्ये त्याची स्थापना झाली. संस्थापक म्हणून तीन नावे घेतली जातात : विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड. त्यांना सेरामपूरचे त्रिकूट म्हणतात. आज आपल्याला पाहायचे आहे ते चौथे नाव, जोशुआ यांच्या पत्नी हॅना मार्शमन यांचे.

हॅना यांचा जन्म १७६७ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. माहेर धार्मिक वळणाचे. आजोबा विल्टशायर भागातील एका बाप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. १७९१ मध्ये त्यांचे लग्न जोशुआ मार्शमन यांच्याशी झाले. जोशुआ विणकराचा मुलगा. स्वतःही माग चालवीत. शाळा फार लाभली नाही, पण मिळेल ते पुस्तक वाचून काढायचे वेड होते. लग्नानंतर तीन वर्षांनी दोघे ब्रिस्टलला आले आणि जोशुआ तिथल्या मंडळीच्या शाळेत शिक्षक झाले. शाळा सांभाळून ते लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकले. संसार बरा चालला होता. नोकरी होती, दोन लहान मुले होती.

त्या सुमारास विल्यम केरी यांची बंगालमधून पत्रे येत. मदतीला माणसे हवी होती. जोशुआ आणि हॅना यांनी जायचे ठरवले. १७९९ च्या मे महिन्यात मुलांना घेऊन ते क्रायटेरियन नावाच्या अमेरिकन जहाजावर चढले. प्रवासाला सुमारे साडेचार महिने लागले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून ही मंडळी कलकत्त्याला न उतरता १३ ऑक्टोबर १७९९ रोजी सेरामपूरला उतरली. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. तिथले डॅनिश गव्हर्नर कर्नल बी यांनी त्यांना आसरा दिला आणि कंपनीचा दबाव जुमानला नाही.

सुरुवातच दुःखाने झाली. बरोबर आलेले विल्यम ग्रँट काही आठवड्यांतच वारले. दुसरे सोबती ब्रन्सडन १८०१ मध्ये गेले. जानेवारी १८०० मध्ये केरी आपले कुटुंब घेऊन सेरामपूरला राहायला आले. त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी बंगालमध्ये पाच वर्षांचा मुलगा गमावला होता आणि त्यांचे मन पार कोलमडले होते. १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या बऱ्या झाल्या नाहीत. केरी दिवसभर भाषांतरात बुडालेले. त्यांच्या चार मुलांना ना धाक होता ना माया. त्या मुलांकडे लक्ष द्यायला पुढे झाल्या त्या हॅना. स्वतःची मुले, केरींची मुले, नवी भाषा, बंगालचा उकाडा आणि एकाच आवारात राहणारी तीन-चार कुटुंबे, असा त्यांचा संसार होता.

पण पोट कसे भरायचे? इंग्लंडमधील मिशन सोसायटी सुरुवातीला थोडी मदत देई. ती पुरणारी नव्हती, आणि प्रत्येकाने हाताला काम शोधून आपला भार आपण उचलावा असेच ठरले होते. तेव्हा मे १८०० मध्ये मार्शमन पतिपत्नींनी दोन निवासी शाळा उघडल्या, एक मुलांची आणि एक मुलींची. कलकत्त्याच्या आसपास राहणारी युरोपियन कुटुंबे फी भरून आपली मुले तिथे ठेवू लागली. मुलींची शाळा हॅना यांच्याकडे होती. या शाळांचा लौकिक झाला. काही वर्षांत त्यांतून वर्षाला सुमारे एक हजार पौंड मिळू लागले. त्या काळात ही फार मोठी रक्कम होती.

हा पैसा मार्शमन कुटुंबाने स्वतःकडे ठेवला नाही. सेरामपूरच्या मंडळींनी नियम केला होता की जो जे मिळवील ते सगळे एका सामाईक तिजोरीत जाईल. खासगी धंदा नाही, खासगी नफा नाही. जेवण एका मेजावर आणि खर्चायला प्रत्येक कुटुंबाला ठरावीक लहानशी रक्कम. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवीत. तिथला महिना पाचशे आणि पुढे हजार रुपयांचा पगार याच तिजोरीत पडे. वॉर्ड यांच्या छापखान्याची मिळकत आणि मार्शमन यांच्या शाळांची फीदेखील तिथेच. १८०५ मध्ये या सर्वांनी मिळून एक करारनामा लिहिला. तो दरवर्षी तीनदा मोठ्याने वाचायचा असे ठरले, म्हणजे कुणाला विसर पडू नये.

या तिजोरीतून जे उभे राहिले त्याचा एक वाटा आपल्या मराठीलाही मिळाला. केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, मराठी कोश १८१० मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. मराठीच्या कामात त्यांना वैजनाथ पंडितांची मदत होती. मराठी मुद्रणाच्या इतिहासात ही पुस्तके अगदी पहिल्या पायरीवर येतात. ती छापायला कागद लागला, शाई लागली, खिळे पाडावे लागले. तो पैसा पुरवणाऱ्या तिजोरीत हॅना यांच्या शाळेची फी होती.

जेवणाच्या त्या मेजाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डिसेंबर १८०० मध्ये कृष्ण पाल नावाचे सुतार बाप्तिस्मा घ्यायला तयार झाले. त्याआधी ते आणि त्यांचे मित्र गोकुळ मिशनच्या मेजावर सर्वांबरोबर जेवायला बसले. जातीबाहेर जाण्याचे पाऊल ते तिथेच टाकत होते. गावात खळबळ उडाली, लोकांनी त्यांना पकडून न्यायाधीशापुढे नेले, पण त्यांची सुटका झाली. कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात झाला. पुढच्या वर्षी त्यांच्या घरातल्या स्त्रिया आल्या. १८०३ मध्ये त्यांच्या मुलीचे लग्न ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण तरुणाशी लागले आणि मिशनरी मंडळी सुताराच्या घरी पंगतीला बसली. रोटीबेटीचा प्रश्न किती कठीण असतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तो आपल्या समाजातही अजून पुरता सुटलेला नाही.

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाचे साठे, अनेक लिप्यांचे खिळे आणि केरी यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळून गेली. छापण्याची यंत्रे मात्र वाचली. राखेतून वितळलेले शिसे उकरून काढले, त्याचे नवे खिळे ओतले आणि काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. बातमी इंग्लंडला पोचल्यावर तिथल्या लोकांनी काही महिन्यांत दहा हजार पौंड जमा केले.

१८१८ मध्ये कॉलेज सुरू झाले. कोणत्याही जातीच्या आणि कोणत्याही धर्माच्या तरुणाला प्रवेश होता. पहिल्या तुकडीत ३७ विद्यार्थी होते आणि त्यांत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. इमारतीच्या खर्चाचा मोठा भाग या मंडळींनी आपल्या कमाईतून दिला. १८२७ मध्ये डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. याच वर्षांत हॅना गावातील बंगाली मुलींच्या शाळांवर देखरेख करीत होत्या. मुलीला अक्षर आले तर ती विधवा होते, अशी समजूत तेव्हा घरोघरी होती. त्या काळात मुलींना पाटीवर बसवणे म्हणजे प्रत्येक घराशी वाद घालण्यासारखे होते.

आणि इथेच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कडू प्रसंग येतो. इंग्लंडहून आलेल्या काही तरुण मिशनऱ्यांचे सेरामपूरच्या ज्येष्ठांशी पटले नाही. ते कलकत्त्याला वेगळे झाले. त्यांच्याकडून आणि इतरांकडून इंग्लंडमध्ये कुजबुज पोचली की सेरामपूरचे लोक राजेशाही थाटात राहतात, त्यांनी गडगंज माया जमवली आहे. बोट सर्वांत जास्त मार्शमन कुटुंबाकडे दाखवले गेले. शाळा त्यांची, इमारती मोठ्या, येणारे-जाणारे बडे लोक. बाहेरून पाहणाऱ्याला तसे वाटणे शक्य होते.

न्यायाने सांगायचे तर सोसायटीचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. लोकांनी मिशनच्या नावाने दान दिले असेल तर त्याचा हिशेब मागितला जाणारच. सेरामपूरच्या मंडळींचे म्हणणे असे की ही मालमत्ता आम्ही आमच्या श्रमाने मिळवून देवाच्या कामाला दिली आहे, ती आम्ही विश्वस्त म्हणून सांभाळू. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. पण पत्रे जायला आणि यायला महिने लागत, आणि तेवढ्यात संशय वाढत जाई. वॉर्ड १८२३ मध्ये कॉलऱ्याने गेले होते. जोशुआ १८२६ मध्ये समेटासाठी इंग्लंडला गेले आणि तीन वर्षे खटपट करूनही रिकाम्या हातांनी परतले. १८२७ मध्ये सेरामपूर आणि सोसायटी वेगळे झाले. या सगळ्या काळात इकडे शाळा चालवणे आणि घर सांभाळणे हॅना यांच्याकडे होते.

मग खरी परिस्थिती उघड झाली. १८३० च्या सुमारास कलकत्त्यातील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या आणि त्यांत सेरामपूरचे पैसेही गेले. ज्यांच्याकडे गडगंज माया असल्याचे बोलले जात होते त्यांना मिशनच्या खर्चाची तोंडमिळवणी करता येईना. १८३४ मध्ये केरी वारले. ऑक्टोबर १८३६ मध्ये मसुरीजवळच्या लांढौरला मार्शमन यांच्या मुलीच्या बंगल्याला आग लागली. मुलगी गंभीर भाजली आणि तिचे तान्हे बाळ दगावले. आधी तर मुलगीच गेल्याची बातमी सेरामपूरला आली होती. त्या धक्क्यातून जोशुआ सावरले नाहीत. ५ डिसेंबर १८३७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच महिन्यात लंडनमध्ये सेरामपूर आणि सोसायटी यांच्यातील समेट पक्का झाला. ज्याच्यावर सर्वांत जास्त आरोप झाले, त्याला तो ऐकायला मिळाला नाही.

हॅना यांना बारा मुले झाली. त्यांपैकी फक्त पाच वडिलांच्या मागे उरली. पती गेल्यानंतर त्या जवळजवळ दहा वर्षे जगल्या. १८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर इंग्रजांना विकले, तेही त्यांनी पाहिले. मार्च १८४७ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांचे निधन सेरामपूरलाच झाले. मुलगा जॉन क्लार्क यांनी पुढे आपल्या मिळकतीतून मोठी रक्कम देऊन कॉलेज जगवले. आईवडिलांची खरी मिळकत कोणती, हे त्यावरून कळते.

बायबलमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे आपल्याला भेटते. दोघे तंबू शिवून पोट भरीत आणि पौलाला आपल्या घरी ठेवून घेत. पौलाची पत्रे आपण दर रविवारी ऐकतो, पण त्याचे जेवण कुणी रांधले याचा विचार क्वचितच करतो. सेरामपूरचेही तसेच आहे. तीन विद्वानांची नावे इतिहासात राहिली. ते तासन्‌तास लिहू शकले, कारण घर, शाळा आणि तिजोरीतला पैसा यांची काळजी एका स्त्रीने वाहिली.

आपल्या धर्मग्रामातही अशी माणसे आहेत. कुणी जोडपे वर्षानुवर्षे बालकांना धर्मशिक्षण देते, कुणी सणाच्या आदल्या रात्री मंदिर झाडते, कुणी संस्थेच्या वह्या लिहिते. त्यांचे नाव फलकावर नसते. चूक झाली, किंवा झालीशी वाटली, की मात्र बोट चटकन त्यांच्याकडे जाते. हिशेब जरूर विचारावा, तो आपला हक्कही आहे आणि कर्तव्यही. पण तो समोर बसून विचारावा, पाठीमागे कुजबुजून नव्हे. सेरामपूरला दोन बाजू समोरासमोर बसायला दहा वर्षे लागली, आणि तोवर एक माणूस निघून गेला होता.

या आठवड्यात ऐक्यासाठी प्रार्थना करताना दूरच्या पंथांबरोबर आपल्या घरातली, वाडीतली आणि मंडळातली तुटलेली नातीही देवापुढे ठेवू या.