स्वामी रामानंद तीर्थ आणि हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी म्हणून स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आपल्या ज्ञातीतील घरोघरी आदराने घेतले जाते. परंतु या सेनानीच्या कार्याचा पाया आपल्या धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत घातला गेला, हे तरुण पिढीस फारसे ठाऊक नाही. म्हणून त्यांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. १९२० साली लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. पुढे पुण्याच्या टिळक विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन त्यांनी कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले.

१९२९ साली ते हिप्परगा येथे आले. निजामी राज्यात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलांस मातृभाषेतून व राष्ट्रीय वृत्तीचे शिक्षण मिळावे म्हणून ही शाळा निघाली होती. सरकारी अनुदान नसल्याने तिचा भार लोकांच्या औदार्यावर व शिक्षकांच्या त्यागावर होता. एवढे शिकलेला मनुष्य आडवळणाच्या गावी मुख्याध्यापक होऊन राहिला, यातच त्यांचा शिक्षणविषयक विचार प्रकट होतो. येथे असतानाच त्यांनी संन्यास घेतला. परंतु तो संसाराचा त्याग होता, समाजाचा नव्हे. १९३५ साली ते अंबाजोगाईस गेले. १९३८ च्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला, आणि त्यांच्या सहवासात घडलेले शिक्षक व विद्यार्थीही लढ्यात उतरले.

मुक्तीनंतर १९५० साली नांदेड येथे त्यांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज उभे राहिले. २२ जानेवारी १९७२ रोजी ते निवर्तले. नांदेडच्या विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे.

शाळा गावाची आणि गाव शाळेचे, हे हिप्परग्याचे सूत्र महाविद्यालयांसही लागू आहे. याच जिल्ह्यात तुळजापूर येथे १९८६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र निघाले. तेथील विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून खेड्यांत जाऊन काम करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अन्य पदवी अभ्यासक्रमांतही क्षेत्रप्रकल्प व समाजसहभाग यांस श्रेयांक मिळू लागले आहेत. मात्र गावात पाऊल न ठेवता दुसऱ्याची वही उतरवून प्रकल्प पुरा करणाऱ्यास श्रेयांक मिळतील, शिक्षण मिळणार नाही. शिवाय ज्या गावाने आपला वेळ व अनुभव दिला, त्या गावाच्या पदरी काही पडले की नाही, हेही विचारले पाहिजे. विहिरींची पाणीपातळी मोजली तर ती नोंद ग्रामपंचायतीस मिळावी. शाळा सोडलेल्या मुलींची गणना केली तर निदान एक मुलगी पुन्हा वर्गात यावी.

आपली मुले शिकून पुण्या-मुंबईस जातात, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु सुशिक्षित तरुण शहरातून खेड्यात आला, म्हणून हिप्परग्याचे नाव इतिहासात राहिले. आपल्या घरातील विद्यार्थी असा प्रकल्प हाती घेईल तेव्हा पालकांनी त्यास आपल्या मूळ गावी न्यावे, वडीलधाऱ्यांशी गाठ घालून द्यावी, अशी आमची सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे.