विश्लेषण : तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ पडद्यावर पोहोचली, साने गुरुजी किती पोहोचले?

वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिर आहे. त्याला छत नाही, आत मूर्ती नाही. उघड्यावर उभ्या शिळा आहेत आणि त्यांवर विनोबा भावे यांच्या ‘गीताई’चे श्लोक कोरलेले आहेत. आईला संस्कृत गीता कळत नव्हती म्हणून विनोबांनी ती मराठीत आणली, हे वर्धेकरांना सांगावे लागत नाही. आई रुक्मिणीबाई १९१८ मध्ये गेल्या, ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये झाली. म्हणजे जिच्यासाठी पुस्तक लिहिले, ती वाचायला नव्हती.

असेच दुसरे एक पुस्तक मराठीत आहे, ‘श्यामची आई’. तेही आई गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी लिहिले गेले. त्यावर १९५३ मध्ये निघालेला चित्रपट तीन पिढ्यांनी घरातल्या सगळ्यांसोबत बसून पाहिला. त्याचे लेखक साने गुरुजी आणि विनोबा १९३२ मध्ये एकाच तुरुंगात होते. गुरुजींच्या आयुष्याकडे पाहायला वर्ध्याहून जवळची वाट हीच आहे.

वर्ध्याशी नाते कसे जुळले?

१९३२ च्या जानेवारीत सविनय कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली आणि विनोबांना धुळ्याच्या तुरुंगात टाकण्यात आले. वर्ध्याचे जमनालाल बजाजही तिथे होते. कैद्यांच्या आग्रहावरून २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलू लागले. अठरा अध्याय, अठरा रविवार. १९ जूनला शेवटचे प्रवचन झाले. समोर बसलेल्या कैद्यांपैकी एक जण ते सारे भरभर उतरवून घेत होता. तो अमळनेरचा नोकरी सोडलेला शिक्षक, पांडुरंग सदाशिव साने.

पवनारहून आज अनेक भाषांत जाणारे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक म्हणजे ही टिपणे. बोलणे विनोबांचे, लेखणी साने गुरुजींची. गुरुजींनी ते टिपले नसते तर विनोबांचे हे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक कदाचित झालेच नसते. पुढच्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात, त्याच लेखणीने ‘श्यामची आई’ लिहिली.

कोण होता हा श्याम?

२४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या पालगडला पांडुरंगाचा जन्म झाला. घराणे खोतांचे. पण वडील सदाशिवराव यांच्या काळात ते वैभव ओसरत गेले, भाऊबंदकीत वाटण्या झाल्या आणि कर्ज वाढले. एकत्र कुटुंबाच्या मोठ्या घरातून आई यशोदाबाई झोपडीवजा घरात आल्या. सावकाराचे तगादे, दारात होणारी बेअब्रू, तेल असेल तर मीठ नाही अशी चूल, हे सगळे पुढे पुस्तकात आले. ‘श्यामची आई’ संस्काराचे पुस्तक म्हणून सगळे ओळखतात. ते कर्जबाजारी घराचेही पुस्तक आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. विदर्भातल्या वाचकाला शेवटच्या दहा-बारा प्रकरणांची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

मुलगा दापोलीला शिकला, औंधला गेला, मग पुण्यात आला. कुठे वार लावून जेवला, कुठे अर्धपोटी राहिला. शिक्षणासाठी असा दूर असतानाच १९१७ मध्ये आई गेली. शेवटच्या घटकेला तो जवळ नव्हता. पुस्तकातला श्याम घरी पोहोचतो तेव्हा आईची राखच उरलेली असते.

पुण्यात एम.ए. झाल्यावर ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारीही आली. मुलांच्या खोल्या झाडायच्या, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे, मुलांसाठी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक काढायचे. ‘गुरुजी’ ही ओळख या सहा वर्षांतली. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून तुरुंग हीच त्यांची लिहिण्या-वाचण्याची जागा झाली. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतले कैदी भेटले. आपल्याला शेजाऱ्याची भाषाच येत नाही, याची टोचणी लागली आणि ‘कुरल’ हा तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. पुढे मांडलेल्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे मूळ तिथले.

पाच दिवसांत पुस्तक कसे झाले?

नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लिहायला घेतले. दिवसा तुरुंगाचे काम आणि रात्री-पहाटे लेखन असे चालले आणि १३ फेब्रुवारीला पुस्तकाचा मुख्य भाग हातावेगळा झाला. उरलेल्या काही रात्री त्यांनी बाहेर आल्यावर लिहिल्या. पुस्तक १९३५ मध्ये निघाले. लिहिताना गुरुजींचे वय होते ३३.

पुस्तकाला प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. अशा ४२ रात्री. एका आश्रमात प्रार्थना झाल्यावर मित्र जमतात आणि श्याम रोज एक आठवण सांगतो. आजीने निजताना सांगितलेल्या गोष्टीचाच हा घाट. आज थोडी, उद्या थोडी, ऐकणारा दुसऱ्या रात्री पुन्हा येतो. मुलांनी हे पुस्तक आपलेसे केले त्यात मजकुराइतकाच या घाटाचाही वाटा असावा.

तोंडी गोष्टीचा हा कान गुरुजींनी मुद्दाम जपला होता. बायका जात्यावर, पाळण्यापाशी म्हणत त्या ओव्या त्यांनी ठिकठिकाणांहून गोळा केल्या आणि ‘स्त्रीजीवन’ या नावाने दोन भागांत छापल्या. परदेशी कथा-कादंबऱ्याही त्यांनी मराठी मुलांसाठी आपल्या मातीत आणून सांगितल्या. जॉर्ज इलियट यांच्या ‘सायलस मार्नर’मधला विणकर त्यांच्याकडे ‘मनूबाबा’ झाला. वाचणाऱ्या मुलाला तो इंग्लंडातून आलाय याची शंकाही येत नाही.

अत्र्यांनीच हा चित्रपट का केला?

आचार्य अत्रे म्हणजे ‘झेंडूची फुले’चे विडंबनकार, ‘ब्रह्मचारी’चे लेखक, सभा हसवून सोडणारे वक्ते. त्यांनी अश्रूंचे पुस्तक का घ्यावे, असे आज वाटू शकते. पण अत्रे मुळात शिक्षक होते. ‘नवयुग वाचनमाला’ त्यांची. मुलांसाठी भाषा कशी हवी यावर त्यांनी आयुष्यातली मोठी वर्षे घातली होती. त्यामुळे निर्मिती, पटकथा आणि दिग्दर्शन त्यांनी स्वतःकडे ठेवले.

अडचण उघड होती. ४२ रात्रींना सलग कथानक नाही. एक रात्र फुलांची, एक अळणी भाजीची, एक पोहण्याची. अत्र्यांनी त्यातल्या निवडक रात्री घेऊन घराच्या उतरत्या दिवसांच्या दोऱ्यात ओवल्या आणि आईच्या मृत्यूपाशी गाठ मारली. आईच्या भूमिकेत वनमाला होत्या. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मधली ही देखणी नायिका इथे जुनेर नेसून चुलीपुढे बसली. श्याम झाला माधव वझे. पुढे त्यांनी नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक म्हणून नाव मिळवले. संगीत वसंत देसाईंचे. श्रीकृष्णाच्या बोटाला लागले तेव्हा द्रौपदीने आपले वस्त्र फाडून चिंधी बांधली, ही घरोघरी सांगितली जाणारी लोककथा आशा भोसले यांच्या आवाजात या चित्रपटातून गाणे होऊन आली. ती आजही भाऊबीजेला लागते.

लक्षात राहतो तो पोहण्याचा प्रसंग. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई शोधून काढते आणि शिमटीने फोडून विहिरीवर पाठवते. आजच्या पालकांना तो खटकेल, खटकावाही. पण या आईला नुसती हळवी ठरवणाऱ्यांनी तो पुन्हा पाहावा. मुलाला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून ती स्वतः कठोर होते, आणि मागाहून त्याच्या वळांवर तेलही तीच लावते.

१९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. त्याच वर्षीच्या स्पर्धेत बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे पदकाचे वजन कळते. यानंतर मराठी चित्रपटाला हा मान मिळायला ‘श्वास’ची, म्हणजे पन्नास वर्षांची वाट पाहावी लागली.

गुरुजींनी मात्र चित्रपट पाहिला नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले होते. वय पन्नास.

चित्रपटाने काय दिले, काय राहून गेले?

चित्रपटाने श्याम घराघरात नेला. ज्या घरात पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती तिथेही नेला. पण गोष्ट आईच्या मृत्यूपाशी थांबल्यामुळे श्यामचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रेक्षकाला पडलाच नाही. साने गुरुजी म्हणजे आईच्या आठवणीने रडणारे हळवे गृहस्थ, ही प्रतिमा पक्की झाली. दोष एकट्या चित्रपटाचा नाही. शाळांच्या कथाकथन स्पर्धांनीही तेच केले. पण प्रतिमा अपुरी आहे.

या माणसाने खानदेशात शेतकऱ्यांसाठी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालवले. १९३६ च्या फैजपूर अधिवेशनासाठी गावोगाव फिरून माणसे उभी केली. १९४२ मध्ये तो भूमिगत झाला. आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले असताना, तो पंढरपुरात उपोषणाला बसला.

मागणी एकच होती, विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले करा. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट पाठीशी होते. विरोध कडवा होता. हाती आलेल्या माहितीवरून खुद्द गांधीजींनीही तार पाठवून उपोषण न करण्याचा सल्ला दिला. गांधीजींना देवासमान मानणाऱ्या गुरुजींनी तो ऐकला नाही. १ मेला सुरू झालेले उपोषण मंदिर उघडण्याचे ठरल्यावर १० मेला सुटले.

वर्ध्याच्या वाचकाला इथे एक तारीख आठवेल. जमनालाल बजाज यांनी विनोबांच्या साथीने वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडले ते १९२८ मध्ये, पंढरपूरच्या १९ वर्षे आधी. फरक इतकाच की ते मंदिर बजाज घराण्याचे होते आणि घरच्या माणसानेच दार उघडले. पंढरपूरला किल्ली हजारो हातांत होती.

पंढरपूरचे हे बीज पुस्तकात आहे का? आहे. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री एका महार म्हातारीच्या डोक्यावरची मोळी पडते. ती उचलून द्यायला कुणी पुढे येत नाही. आई श्यामला पाठवते, मोळी डोक्यावर चढवून द्यायला सांगते आणि मग आंघोळ करायलाही सांगते. आई रूढी पुरती मोडत नाही. तिच्या काळात, तिच्या जागेवरून जेवढे जमेल तेवढे करते. लेखकाने आंघोळीचा तपशील गाळून आईला अधिक थोर करता आले असते. त्याने तो ठेवला. तिची आंघोळ जिथे आड आली त्याच्या पुढचे पाऊल मुलाने पंढरपुरात टाकले.

नवा चित्रपट काय करतो?

नोव्हेंबर २०२३ मध्ये सुजय डहाके दिग्दर्शित नवा ‘श्यामची आई’ प्रदर्शित झाला, तोही कृष्णधवल. यात ओम भूतकर यांनी साने गुरुजी साकारले. पहिल्या चित्रपटात श्याम मुलगाच राहिला होता. इथे लिहिणारा, तुरुंगातला, स्वातंत्र्यलढ्यातला मोठा श्यामही दिसतो. पदकाच्या बाबतीत १९५३ च्या जवळ जाणे सोपे नव्हतेच, पण गुरुजींना गोष्टीत परत आणायचे काम या चित्रपटाने केले.

घरी मुलांना दाखवायचे असेल तर आधी अत्र्यांचा चित्रपट दाखवावा, मग दुसरा. पुस्तक सुरू करायचे तर पहिल्या रात्रीपासूनच हवे असे नाही. लहान मुलांना ‘मुकी फुले’ आणि ‘अळणी भाजी’ वाचून दाखवाव्यात. एका बैठकीत एक रात्र सहज होते. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर ‘देवाला सारी प्रिय’ वाचावी. तो आंघोळीचा प्रश्न मूल स्वतःहून विचारते.